कोजागरीच्या आठवड्यात पाणी पेटतं का?

प्रश्न : आम्ही नोएडाला राहतो. दसऱ्याच्या सुट्टीत अंदमानला जायचं आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी परतायचं असं ठरलंय, तिकिटंही काढून झाली. हॅवलॉक बेटावर रात्री कयाकमधून खाडीत नेतात, वल्हं मारलं की पाणी निळं चमकतं, असं ऐकलं. डोई तीन-साडेतीन हजार सांगतायत. सासूबाई मूळच्या गुहागरच्या. त्या म्हणतात, "ह्याला पैसे कसले द्यायचे? आम्ही लहानपणी ओल्या वाळूत पाय आपटून उजेड पाडायचो." हे खरं असेल का? पाणी नेमकं कशानं चमकतं? त्यात हात घातला तर चालतो का? आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे दोन प्रश्न आहेत : आपल्या यमुनेत असं का होत नाही, आणि वल्ह्याचा फटका बसून दुखतं म्हणून ते जीव चमकतात का?
— एक वाचक, नोएडा

उत्तर : ताई, आधी वाईट बातमी सांगून टाकतो. तुमची तारीख चुकली आहे. कोजागरी म्हणजे आश्विन पौर्णिमा. दसऱ्याला निघालात म्हणजे शुद्ध दशमीपासून पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच चंद्र आकाशात हजर. हा उजेड इतका नाजूक असतो की चांदण्यात तो जवळजवळ पुसला जातो.

मी स्वतः ही चूक करून बसलो आहे. शुद्ध नवमीची रात्र होती. ज्याच्याकडे पैसे भरले त्याला विचारलंही, चांदणं आहे, दिसेल ना? "सर, फुल ग्लो!" असं तो म्हणाला. दीड तास वल्हवलं, दंड भरून आले, आणि चमकताना दिसलं काय, तर पुढच्या बाईंच्या लाइफ जॅकेटवरची पट्टी. परत आल्यावर तो म्हणाला, आज पाणी मूडमध्ये नव्हतं.

पण तिकिटं रद्द करू नका, वाट आहे. शुद्ध पक्षात चंद्र संध्याकाळी असतो, पण पहाटेपूर्वी मावळतो. अंदमान आपल्या घड्याळाच्या मानानं फार पूर्वेला, त्यामुळे तिथे सगळं लवकर होतं. ऑक्टोबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पहाटे पाचनंतर लगेच उगवतो. दशमीचा चंद्र तिथे मध्यरात्रीनंतर तासाभरात जातो, एकादशीचा दीड-दोनपर्यंत, द्वादशीचा अडीचच्या आसपास. पूर्वेला फटफटायला लागतं ते चारनंतर. म्हणजे एकादशीच्या रात्री, खरं तर द्वादशीच्या पहाटे, दोन ते चार हे दोन तास तुमचे. तिथले काही जण अशी पहाटेची फेरी काढतात. बुकिंग करताना तेवढंच विचारा : चंद्र मावळल्यावर नेता का? उत्तर देताना समोरचा आधी कॅलेंडर बघत असेल तर माणूस जाणता आहे.

पुढच्या वेळी तारीख ठरवताना संकष्टी बघा. आपल्या घरांत चंद्रोदयाची वेळ महिन्यातून एकदा तरी बघितली जातेच, उपास सोडायला म्हणून का होईना. संकष्टीला चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि पुढे रोज पाऊण तासाच्या हिशेबानं मागे जातो. संकष्टीनंतर दोन-तीन दिवसांपासून अमावास्या ओलांडून शुद्ध द्वितीयेपर्यंत संध्याकाळ काळीकुट्ट मिळते. फक्त लक्षात ठेवा, अंदमानात चंद्रही दिल्लीपेक्षा साधारण तासभर आधी उगवतो.

आता तिथे दिसतं काय. दुसऱ्या खेपेला मी वद्य त्रयोदशीला गेलो, तेव्हाचं सांगतो. तिवरांच्या मुळांमधून आत शिरलो तेव्हा पहिली दहा मिनिटं काहीच नाही, फक्त चिखलाचा वास आणि डास. मग वल्हं उचललं आणि त्याच्या पात्यावरून पाणी ठिबकलं. प्रत्येक थेंब जिथे पडला तिथे एक ठिणगी, आणि तिच्याभोवती क्षणभर एक बारीक कडं. वल्हं पाण्यात ओढलं की दोन्ही बाजूंना भोवरे उजळत आणि विझत मागे जात. कयाकच्या नाकाशी पाणी फुटत होतं तिथे मिशीसारख्या दोन रेघा. सगळ्यात लक्षात राहिलं ते मात्र आमच्या हातून घडलेलं नव्हतं. वल्हं मांडीवर ठेवून गप्प बसलो होतो, आणि कुठलासा मासा कयाकखालून गेला. मासा दिसला नाहीच, त्याची धावती रेघ तेवढी दिसली, वळण घेऊन मुळांत शिरली.

एक सांगतो, म्हणजे अपेक्षाभंग व्हायला नको. जाहिरातीतल्या फोटोत असतो तसला गडद निळा रंग डोळ्यांना क्वचितच दिसतो. कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवून उजेड गोळा करतो, डोळा तसं करू शकत नाही. अंधुक उजेडात आपल्याला रंग नीट कळतही नाहीत. तिथल्या खाडीतला उजेड बहुधा पांढुरका, किंचित निळसर वाटतो. त्यात दिल्लीकरांची अडचण वेगळी. दिल्लीत रात्र काळी नसतेच, करडी-नारिंगी असते, आणि डोळ्यांना खऱ्या अंधाराची सवय मोडलेली असते. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशी पुऱ्या जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइल एकदा उघडलात की ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. गटातल्या एकानं फ्लॅश मारला तर दहा जणांचे पैसे पाण्यात. चिरंजिवांना हे घरूनच बजावून न्या. त्यांच्या वडलांना तर आधी.

अंधाराचं महत्त्व सांगायला एक किस्सा आहे. पुढे १९७०मध्ये अपोलो-१३चं नेतृत्व करणारे जिम लोव्हेल १९५४ साली अमेरिकी नौदलात वैमानिक होते. जपानजवळ रात्री सरावाचं उड्डाण चाललं होतं आणि विमानवाहू जहाज सापडेना. नकाशा वाचायला म्हणून त्यांनी एक छोटा दिवा जोडला, तर शॉर्ट सर्किट होऊन कॉकपिटमधले सगळेच दिवे गेले. आणि मग खाली समुद्रावर एक फिकट हिरवट पट्टा दिसला. जहाजाच्या पंख्यांनी घुसळलेल्या पाण्यातले हेच जीव चमकत होते. त्या पट्ट्याचा माग काढत ते जहाजापर्यंत पोचले. आतला एक दिवा जरी चालू राहता तरी तो दिसला नसता.

आता हे जीव कोण, ते बघू. समुद्रात पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांना प्लवक म्हणतात आणि सजीवांनी निर्माण केलेल्या उजेडाला जीवदीप्ती. चमकणारे प्लवक अनेक जातींचे आहेत, पण वल्ह्यानं पेटणारे बहुतेक एकपेशीय असतात. आपल्या किनाऱ्यावर ज्याचं नाव सारखं निघतं तो म्हणजे नॉक्टिल्युका सिंटिलान्स. लॅटिनमधल्या या नावाचा अर्थ साधारण 'लुकलुकणारा रात्रीचा दिवा'. एकपेशीयांत हा चांगलाच धष्टपुष्ट. भिजलेल्या खसखशीच्या दाण्याएवढा होतो, काचेच्या पेल्यात उजेडाकडे धरला तर नुसत्या डोळ्यांनी ठिपके दिसतात.

पाणी हललं की त्याच्या पातळ आवरणावर ताण येतो. त्यातून पेशीभर एक विजेचा संदेश धावतो, आपल्या मज्जातंतूत धावतो त्याच जातीचा. पेशीच्या आत एक आम्लाची पिशवी असते. संदेश पोचला की तिचे दरवाजे उघडून आम्ल बाहेर झिरपतं. गरम दुधात लिंबू पिळल्यावर क्षणात ते फाटतं, तसं इथे आम्ल लागताच लुसिफेरिन नावाचं द्रव्य मोकळं होतं, लुसिफरेज हे विकर जागं होतं, ऑक्सिजनशी संयोग होतो आणि उजेड पडतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा खेळ, उष्णता जवळजवळ शून्य. असा आम्लाचा दरवाजा पेशीत असला पाहिजे, हे हार्वर्डचे वूडी हेस्टिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२मध्ये मांडलं होतं. दरवाजाचं प्रथिन प्रत्यक्ष हाती लागायला २०११ उजाडलं.

म्हणजे तुमच्या मुलाचा दुसरा प्रश्न फार मोठ्या माणसांनी विचारलेला प्रश्न आहे. दुखतं का? मेंदू नाही, मज्जासंस्था नाही, एकच पेशी, त्यामुळे आपल्याला दुखतं तसं नाही दुखत. पण गंमत म्हणून चमकत नाहीत, हेही खरं. यांना खाणारे झिंग्याच्या नात्यातले बारीक कवचधारी असतात. त्यातला एखादा खायला आला आणि पाणी हललं की ही पेशी चमकते, आणि खाणारा उजेडात उघडा पडतो. मग त्याला खाणारा मासा येतो. वाड्यात चोर शिरल्यावर सगळे कंदील एकदम लावावेत, तसला प्रकार. शास्त्रज्ञांना हे स्पष्टीकरण बरंच पटलेलं आहे. आपलं वल्हं म्हणजे त्यांच्या हिशेबी चोरच. शिवाय पेशीतला साठा मर्यादित असतो. पुन्हापुन्हा ढवळलं की उजेड मंदावतो आणि साठा भरायला वेळ लागतो. म्हणून मुलाला सांगा, पाणी बदडत बसू नकोस. दोन वल्ही मार, मग थांब.

यमुनेचं उत्तर सोपं आहे. हे समुद्राचे रहिवासी. गोड्या पाण्यात चमकणारे जीव जगभरात जवळजवळ नाहीतच. न्यूझीलंडच्या ओढ्यांमधली लाटिया नावाची एक गोगलगाय हा प्रसिद्ध अपवाद. यमुना, ओखल्याचा बंधारा किंवा सोहन्याजवळचं दमदमा तळं, कुठेही अमावास्येला वल्हवलंत तरी अंधारच. कालिंदी कुंजला पाण्यावर जो पांढरा फेस तरंगतो तो साबण-डिटर्जंट आणि मैल्याचा. त्याचे फोटोही सुंदर येतात, हा वेगळाच शाप.

तरी दिल्लीचा या गोष्टीशी संबंधच नाही, असं मुलाला सांगू नका. संबंध आहे, आणि तो सासूबाईंच्या आठवणीतून जातो.

सासूबाई अगदी खरं सांगतायत. ओहोटीच्या ओल्या वाळूत राहिलेल्या पाण्यात हे जीव असतात. अंधाऱ्या रात्री पाय आपटला की पावलाभोवती चांदण्या उडतात, चार पावलं मागे वळून बघावं तर विझलेल्या. अंधारात पाण्याखालच्या उजेडावरून माशांचा थवा कुठे वळला ते मच्छीमार ओळखत आले आहेत. आपल्याकडे बातमी झाली ती २०२०च्या नोव्हेंबरात. जुहूच्या आणि देवगडच्या किनाऱ्यावर लाटा फुटताना निळ्या दिसल्या, आणि टाळेबंदीतून नुकती सुटलेली मुंबई रात्री गाड्या काढून बघायला गेली. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावरही असंच झालं होतं. केरळात कोचीजवळ कुंबळंगीच्या खाऱ्या पाण्यात याला 'कवर' म्हणतात. २०१९च्या 'कुंबळंगी नाइट्स' या सिनेमात ते दिसल्यापासून तिथेही रात्रीची गर्दी सुरू झाली.

पण गुहागरच्या वाळूतल्या चार ठिणग्या आणि अख्खी लाट निळी होणं, या दोन गोष्टी मी एका मापानं मोजणार नाही. लाट निळी होते म्हणजे नॉक्टिल्युकाची बेसुमार वाढ झालेली असते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात त्याचे असे बहर येतात की दिवसा पाणी वाटाण्याच्या सुपासारखं हिरवं दिसतं. तिथल्या जातीच्या पोटात हिरवे शैवाल भाडेकरू म्हणून राहतात, म्हणजे हा स्वतः शिकारही करतो आणि घरबसल्या उन्हावर पिकवलेलंही खातो. पूर्वी याच हंगामात तिथे डायाटम नावाच्या वनस्पतीप्लवकांचं राज्य असे, आणि माशांची साखळी त्यांच्यावर उभी असे. साधारण २०००नंतर चित्र पालटलं. नॉक्टिल्युका डायाटमच खातो, आणि त्याला खाणारे मासे फारसे नाहीत. जेलीफिशसारख्यांना मात्र तो आवडतो. ओमानच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांच्या तोंडाशी हा लगदा अडकतो, तो त्रास वेगळा.

हे का झालं, यावर जोकिम गोएस आणि हेल्गा दो रोझारिओ गोम्स या शास्त्रज्ञ दांपत्यानं वर्षानुवर्षं काम केलं आहे. दोघंही पूर्वी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होते, आता अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या वेधशाळेत आहेत. २०२०मध्ये त्यांनी मांडलेली साखळी अशी. हिवाळ्यात हिमालय आणि तिबेटच्या बर्फावरून थंड, कोरडे वारे उत्तर भारत ओलांडून अरबी समुद्रावर येतात. वरचं पाणी त्यानं गार होतं, जड होतं, खाली बसतं, आणि खालचं पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. डायाटम त्यावर पोसतात. पहाडांवरचं बर्फ कमी झालं, तर हे वारे गरम आणि दमट होऊन येतात, समुद्र नीट घुसळला जात नाही, डायाटम उपाशी राहतात. नॉक्टिल्युकाकडे भाडेकरू असतात आणि शिकारही असते, त्यामुळे त्याचं अडत नाही.

म्हणजे जानेवारीत नोएडाच्या बाल्कनीत ज्या पहाडांच्या बर्फाला आपण शिव्या घालतो, त्याच्याच भरवशावर अरबी समुद्रातल्या माशांचा स्वयंपाक चालतो. मुलाला नकाशावर बोट फिरवून दाखवा : हिमालय, दिल्ली, कच्छ, समुद्र.

सगळे शास्त्रज्ञ सगळ्या मुद्द्यांवर एकमत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पाण्यातला ऑक्सिजन कमी होतोय म्हणून हा फोफावतो, असं याच गटानं २०१४मध्ये म्हटलं होतं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये दाखवलं, की ईशान्य अरबी समुद्रातले बहर ऑक्सिजन पुरेसा असलेल्या पाण्यातही येतात. मला स्वतःला वाटतं, वाऱ्याचा मुद्दा जास्त भक्कम आहे. इन्कॉइस उपग्रहावरून अशा बहरांवर नजर ठेवून माहितीही देते. एक मात्र नक्की, निळी लाट बघायला धावणाऱ्या गर्दीत मासेमारी करणारा माणूस फारसा खुश दिसत नाही. दाट बहर मरतो तेव्हा पाण्यात अमोनिया वाढतो, ऑक्सिजन घटतो आणि मासे दूर जातात किंवा मरतात.

अंदमानच्या खाडीतला विरळ उजेड हा त्यातला प्रकार नव्हे, त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नका. हात घालायचं विचारलंत. चमकणाऱ्या पाण्यानं बोटांना काही होत नाही. हाताला डासांचं मलम चोपडलेलं असेल तर मात्र पाण्यापासून दूर ठेवा, त्या जीवांना ते मानवत नाही. जगातली अशी सगळ्यात नावाजलेली जागा म्हणजे पोर्तो रिकोतल्या व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे. तिथे कयाक चालते, पोहायला बंदी आहे. कोकणात दाट हिरवट पाणी आणि मेलेले मासे दिसले तर पायही बुडवू नका.

अंदमानात दुसरीच गोष्ट बघायची, ती म्हणजे मगर. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथल्या तिवरांच्या खाड्यांमध्ये राहतात. २०१०मध्ये हॅवलॉकलाच, राधानगर किनाऱ्याजवळ, एका परदेशी पर्यटकाचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरून जाऊ नका, पण वाटाड्यानं सांगितलं की हात आत घ्या, तर तो आत घ्यायचा, कारण विचारत बसायचं नाही. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का, ते आदल्या दिवशी घालून बघा. मोठ्यांचं जॅकेट आवळून बांधून देणाऱ्याकडे जाऊ नका. मुलाला स्वतंत्र कयाक नको, दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसवा. ऑक्टोबरात तिथे पाऊस पडू शकतो, फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतील का, तेही आधीच लिहून घ्या.

राहता राहिला सासूबाईंचा मुद्दा, की पैसे कशाला. हिशेबानं त्या बरोबर आहेत. पावसाळा सरला की नोव्हेंबर-डिसेंबरात, वद्य पक्षाच्या शेवटी, गुहागरला वस्तीपासून दूर किनाऱ्यावर जाऊन अर्धा तास अंधारात बसायचं, खर्च चहाचा. दिसेलच याची हमी नाही, पण ती साडेतीन हजारांतही नसते. तुम्ही तीन-साडेतीन हजार मोजता ते वल्हं, जॅकेट आणि खाडीतली वाट ठाऊक असलेल्या माणसाचे. पहाटे दोनला सासूबाईंनाही उठवा. कयाकमध्ये बसणार नाही म्हणाल्या, तर काठावरच्या ओल्या वाळूपर्यंत तरी न्या. ज्यांना लहानपणी ते जमलं आहे, त्या पाय आपटल्याशिवाय राहायच्या नाहीत.

आणि कोजागरीच्या रात्री खाडीकडे फिरकू नका. त्या रात्रीचं दूध आटवायला हॅवलॉकच्या हॉटेलात स्वयंपाकघर उघडून मिळतं का, एवढंच आधी फोन करून विचारा. केशर इथूनच न्या.